सड्यावरचं घर आणि तांबडी धूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात कसली धूळ, असं घाटावरचे पाहुणे विचारतात. त्यांनी आपलं कोकण ऑगस्टात पाहिलेलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो खरा, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबर सरला की पुढचे सात महिने सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पाऊस असा नाहीच. गवत सुकतं आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवायला काही उरत नाही. खाली वाडीत माडा-पोफळींच्या सावलीत राहणाऱ्यांना हा त्रास फारसा ठाऊक नसतो. सड्यावर, चिरेखाणीजवळ (जांभा दगडाचे चिरे काढतात तिथे), महामार्गालगत किंवा कच्च्या रस्त्याच्या कडेला ज्यांनी घर बांधलंय, त्यांच्या वाट्याला तो रोजचाच आलेला आहे. पुढचे प्रश्न त्यांचे.

दिवसातून दोनदा केर काढते, तरी लादी पायाला खरखरते. कुठे चुकतंय?

केर काढण्यात काहीच चुकत नाहीये. चूक असेल तर ती धुळीशी लढाई घरात लढण्यात आहे. ती अंगणात अडवायला हवी. घरात येणाऱ्या मातीतली बरीचशी माती दोन वाटांनी येते: घराभोवतीच्या उघड्या जमिनीवरून उडून, आणि चपलांना चिकटून. दूरची खाण आणि हायवे यांना आपण शिव्या घालतो, पण बऱ्याचदा गुन्हेगार खळ्याच्या (अंगणाच्या) कोपऱ्यातच बसलेला असतो.

आधी शोध घ्या. चार पांढऱ्या बश्यांना आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि घराच्या चारही बाजूंच्या खिडक्यांत एकेक ठेवा. संध्याकाळी बघा, पुसून परत ठेवा, सकाळी पुन्हा बघा. कुठल्या बाजूने आणि कुठल्या वेळी माती येते ते दोन दिवसांत कळतं. मग पैसे कुठे घालायचे ते ठरवा.

दुपारीच एवढी धूळ का उडते?

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा साधारण दहा-अकराला सुटतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि सूर्य मावळला की पडतो. रात्री उलट: जमीन लवकर निवते आणि पहाटेपर्यंत मतलई जमिनीकडून समुद्राकडे वाहते. ती बहुधा मंद असते.

यातला कामाचा भाग असा की तुमचा कच्चा रस्ता किंवा खाण घराच्या पश्चिमेला असेल तर त्रास दुपारचा, पूर्वेला असेल तर पहाटेचा आणि सकाळचा. फेब्रुवारी-मार्चात मात्र काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही आणि खारा वारा उशिरा येतो. त्या दिवशी उकाडाही भयंकर होतो आणि सगळं वेळापत्रक बिघडतं.

कधीकधी वारा नसतानाही आकाश पांढरट होतं, सूर्य फिका दिसतो. तीही आपलीच धूळ का?

नाही. ती वायव्येकडून, वाळवंटी भागातून येते. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तान आणि गुजरातमार्गे आलेल्या धुळीने मुंबई आणि उत्तर कोकणात असंच झालं होतं. ही धूळ फार बारीक असते, अंगण सारवून तिला काही फरक पडत नाही. त्या एक-दोन दिवसांत खिडक्या बंद ठेवायच्या आणि दम्याच्या माणसाने बाहेर पडायचं नाही, एवढंच.

घाटावर धूळ नुसती झटकली की जाते. इथे ती चिकटते. का?

मिठामुळे. समुद्रावरून येणाऱ्या हवेत मिठाचे बारीक कण असतात आणि ते काचेवर, जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे रात्री आणि पहाटे हे सहज होतं. त्या ओलसर थरात धूळ रुतते आणि दुपारच्या उन्हात सगळं वाळून पक्कं पुट तयार होतं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर.

म्हणून इथे क्रम उलटा करू नका: दुपारी, पुट कोरडं असताना आधी मऊ ब्रशने झाडायचं, मग ओलं फडकं. थेट ओलं फडकं फिरवलं की तांबडा चिखल सगळीकडे सारवला जातो आणि काचेवर चरे पडतात.

खळ्याचं काय करावं? सारवायला आता घरात माणूस नाही. पेव्हर ब्लॉक घालू का?

सारवणाला नावं ठेवण्याआधी ते काय काम करतं ते बघा. पावसाने उखडलेलं खळं दसरा-दिवाळीच्या सुमारास तासतात, तांबडी माती पसरतात, पाणी मारून चोपण्याने ठोकून ठोकून घट्ट करतात आणि वर शेणाचा हात देतात. शेण पातळ पिठल्याइतकं कालवलेलं हवं. त्यातला न पचलेल्या गवताचा बारीक काथ्या मातीचे कण बांधून ठेवतो. चोपलेल्या आणि आठवड्याला सारवलेल्या खळ्यावरून धूळ जवळजवळ उडतच नाही. पण चोपणं नीट झालं नसेल तर वरवरच्या सारवणाचे चार दिवसांत पोपडे निघतात आणि मग तेच पोपडे घरात येतात. मेहनत सारवणात कमी आणि चोपण्यात जास्त आहे, हे नव्या सुनांना कुणी सांगत नाही.

माणूसबळ नसेल तर सगळं खळं एकाच पद्धतीने झाकायचा हट्ट सोडा. जिथे पाय आणि चाकं रोज पडतात, म्हणजे फाटकापासून पायरीपर्यंतची वाट आणि गाडी वळते ती जागा, तेवढीच पक्की करा. कोबा स्वस्त आणि झाडायला सोपा, पण मार्चनंतर दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. पेव्हर ब्लॉक दिसायला छान, पाणीही मुरतं. मात्र सांध्यांत बारीक रेती भरून देतात ती पहिल्या उन्हाळ्यात उडते, म्हणून सांध्यांत जाडसर ग्रिट मागून घ्या. जांभ्याचे तुकडे पसरण्याचा मोह टाळा. जांभा मऊ असतो, गाडीच्या चाकाखाली त्याचं पीठ होतं आणि तुम्ही पैसे देऊन धूळ विकत आणता. त्यापेक्षा काळी खडी दोन इंच जाडीची घाला.

बाकीची जागा झाकलेली राहू दे. हरळी एप्रिलात वाळते तरी मुळं माती धरून ठेवतात. ती खरवडून काढू नका. झाडांखालचा पातेरा रोज झाडून जाळण्याची आपली सवय मला कधी कळलेली नाही. स्वच्छता म्हणून आपण जमीन उघडी करतो आणि मग ती घरात आल्याची तक्रार करतो. मागील दारी पातेरा, भाताचा पेंढा, नारळाची सोडणं पसरून ठेवा. फक्त भिंतीपासून चार-पाच फूट मोकळी जागा ठेवा, कारण त्यात विंचू येतात आणि ठिणगी पडली तर पेटतं.

घरासमोरचा रस्ता कच्चा आहे. पाणी मारतो, तासाभरात सुकतं. दुसरा उपाय?

पाणी कधी मारता? बहुतेक जण सकाळी सातला मारतात आणि अकराला वारा सुटेपर्यंत रस्ता परत कोरडा. साडेदहाला मारा. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसत असताना पिण्याचं पाणी रस्त्यावर ओतणं बरोबर नाही; कपडे आणि भांडी धुतल्याचं पाणी त्यासाठी साठवा.

समुद्राचं पाणी मारू का, असं किनाऱ्याजवळचे लोक विचारतात. मिठामुळे ओल टिकते हे खरं, पण पहिल्या पावसात ते सगळं मीठ खाली झिरपतं, जमीन आणि विहीर दोन्ही खारट होतात. कॅल्शियम क्लोराइड टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांची गोष्टही त्याच जातीची, शिवाय गाड्यांचा तळ गंजतो. जळकं इंजिन ऑइल तर मुळीच ओतायचं नाही. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात. वर ओतलेलं तेल खाली कोणाच्या विहिरीत निघेल सांगता येत नाही.

खरा उपाय वेगाचा आहे. गाडीचा वेग कमी झाला की धूळ लगेच कमी होते. वाडीतल्या लोकांनी मिळून घरांच्या टप्प्यात दोन-तीन गतिरोधक करून घेतले तर कुठल्याही रसायनापेक्षा जास्त फरक पडतो.

वाऱ्याच्या बाजूला उंच कंपाउंड वॉल बांधली तर?

पैसे वाया जातील. अखंड भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो आणि पलीकडे भोवरा करून खाली उतरतो, आणि सोबतची माती नेमकी तुमच्या अंगणात टाकतो. वारा निम्मा अडवणारं आणि निम्मा जाऊ देणारं कुंपण जास्त चांगलं. अशा झाडांच्या पट्ट्याचा आडोसा त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत जाणवतो. दगडांचा गडगा कमरेएवढा आणि त्याच्या आत झाडं, ही जुन्या लोकांची रचना याच कारणाने चालते.

झाडं कुठली? सुरू लवकर वाढतो आणि खारं सोसतो, पण कातळावरच्या पातळ मातीत त्याचा भरवसा धरू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनाऱ्यावर काय केलं ते आपण पाहिलंय. उंडी, करंज, भेंड ही सावकाश वाढणारी पण या किनाऱ्याची झाडं आहेत. त्यांच्या खाली अडुळसा, निर्गुडी आणि करवंद लावा. अडुळसा आणि निर्गुडीला गुरं तोंड लावत नाहीत, फांदी खोचली की जगते. लागवड जूनमध्येच. ती मोठी होईपर्यंत बांबूंना हिरवी शेडनेट बांधून काम भागवा.

सड्यावर प्लॉट घेतलाय. बांधकाम दोन वर्षांनी करायचं आहे. आत्ताच जेसीबी लावून सपाट करून ठेवू का?

नको. सड्यावरची माती विताएवढीसुद्धा जाड नसते, आणि ती गवताच्या मुळांनी आणि दगडफुलासारख्या बारीक सजीवांनी धरून ठेवलेली असते. जेसीबी फिरला की ते कवच मोडतं आणि पुढची दोन वर्षं तुमच्या प्लॉटची माती शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाते. शेजाऱ्याशी संबंध घर बांधण्याआधीच बिघडवायचे नसतील तर बांधकामाच्या वेळीच, लागेल तेवढाच भाग मोकळा करा. बागेसाठी भरावाची माती आणायची असेल तर मेमध्ये आणून ठेवा आणि ताडपत्री टाका, डिसेंबरात नको. आणि प्लॉटवर कातळशिल्पाची (कातळात कोरलेल्या जुन्या चित्राची) रेघ दिसली तर जेसीबी राहू दे बाजूला, आधी पुरातत्त्व खात्याला कळवा.

दारं-खिडक्या पूर्ण सील करून घ्याव्यात का?

शहरातल्या फ्लॅटची ही कल्पना इथे आणू नका. जानेवारीत सील केलेलं घर जुलैत बुरशीने भरतं. जे काही कराल ते पावसाआधी काढता येईल असं करा.

पश्चिमेच्या पडवीला पावसात झड अडवायला जे बांधता, त्याच खुंट्यांवर नोव्हेंबर ते मे शेडनेट बांधा. वारा येतो, जाड माती बाहेरच राहते. आठवड्याला काढून झटका. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावा. ती बाजारात दीड-दोनशे रुपयांत मिळते आणि या यादीतली सगळ्यात वसूल होणारी वस्तू आहे. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत माती साठते, तिथे जुना टूथब्रश. आणि वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या अकरा ते पाच बंद, विरुद्ध बाजूच्या उघड्या. उकडत असलं तरी.

चपला पायरीखाली. पाहुण्यांनाही. पायरीशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवण्याची पद्धत बंद पडली तिथूनच घरात माती वाढली, असं माझं मत आहे.

कौलांतून रात्रभर बारीक माती पडते. जेवणाच्या ताटातसुद्धा.

कौलारू घरात ते होणारच, कौलं हवा खेळावी म्हणूनच तशी बसवलेली असतात. निदान स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांवर लाकडी तक्तपोशी किंवा पीव्हीसीचं सीलिंग करून घ्या. वरची हवा फिरायला सीलिंग आणि कौलं यांच्यामध्ये जागा सोडा, नाहीतर वासे कुजतात. वाळवीसाठी वर्षातून एकदा वर डोकावता येईल असं झाकणही ठेवा.

हौसेने आतून चिऱ्याची भिंत उघडी ठेवली. आता तिच्यातूनच तांबडी भुकटी गळते.

आर्किटेक्टच्या फोटोत भुकटी दिसत नाही! खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून तो कडक होत जातो. म्हणून आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा भिंतीला द्या. मग कडक ब्रशने कोरडी घासून, चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरून घ्या आणि पाण्याची वाफ बाहेर जाऊ देणारं दगडासाठीचं पारदर्शक सिलर मारा. चमकणारं व्हार्निश किंवा ऑइल पेंट मारू नका. चिरा पाणी पितो. ते पाणी आत कोंडलं की लोणा लागतो आणि रंगासकट दगडाचे पापुद्रे सुटतात. पलंगामागची भिंत असेल तर सरळ चुन्याचा हात द्या.

रोजच्या सफाईची बरी पद्धत कोणती?

वेळ: सूर्य मावळल्यावर, वारा पडला की. दुपारी काढलेला केर म्हणजे हवेत उडवलेला केर. आत कोरडी केरसुणी जोरात फिरवण्याऐवजी ओला चहाचा चोथा किंवा वर्तमानपत्राचे ओले तुकडे टाकून झाडा, मग दोन बादल्यांनी पुसा: एकीत फडकं धुवायचं, दुसरीत खळबळायचं. एकाच बादलीत पुसलं की शेवटच्या खोलीला पहिल्या खोलीची माती मिळते. पंख्याची पाती उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून ओढून काढा, म्हणजे मळ अभ्र्यातच राहतो. बाहेर हिरांचा खराटा, आधी पाणी शिंपडून.

फ्रिजच्या मागची जाळी आणि एसीचा फिल्टर लोक विसरतात. कोरड्या महिन्यांत फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा.

मे महिन्यात वाळवणं घालायची तर धूळ. काय करावं?

या प्रश्नावर सासवांचा अधिकार आहे, पण सांगतो. पापड-कुरडया निदान वाळल्यावर झटकता येतात. आंब्याच्या साठाचं (आंबापोळीचं) तसं नाही. ताटात रस ओतला की वरचा थर दिवसभर चिकट असतो आणि त्यावर बसलेला कण तिथेच राहतो; दुसऱ्या दिवशी त्यावर नवा रस घातला की कण आत गाडला जातो आणि श्रावणात दाताखाली कचकन लागतो. तेव्हा साठं जमिनीवर घालायचीच नाहीत. माणसाच्या छातीएवढ्या उंच माचावर किंवा गच्चीवर घाला. जाड कण फार वर उडत नाहीत. वर धुतलेली सुती साडी किंवा मच्छरदाणी ताणून बांधा, रसाला टेकू देऊ नका. जागा घराच्या पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला. ऊन सकाळचं मिळतं, तेवढं पुरतं. साठाला एक दिवस जास्त लागेल.

कोकमाची सालं दर दिवशी रसात बुडवून पुन्हा वाळवायची असतात, म्हणून तीही चिकट. एका वाडीत चार घरं मिळून सोलर ड्रायर घेतला तर हा प्रश्नच मिटतो, शिवाय अवकाळी पावसाचीही भीती नाही. सुकी मासळी मात्र आपली आपण वेगळी.

मुलांच्या पांढऱ्या युनिफॉर्मवरचे तांबडे डाग ब्लीचने का जात नाहीत?

आपल्या मातीला रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे. क्लोरीन ब्लीचने तो जात नाही, उलट गंजाचा डाग पक्का बसू शकतो. कपडा आधी वाळू द्या, झटका, मग उलट्या बाजूने गार पाण्याच्या धारेखाली धरा. चोळायची घाई नको. साबणाच्या पाण्यात भिजवून धुतल्यावरही पिवळट छटा राहिली तर लिंबाचा रस लावून अर्धा तास उन्हात ठेवा. त्यातलं सायट्रिक आम्ल लोह धरून सोडवतं. आंबटच हवं म्हणून कोकम आगळ वापरू नका, नवा डाग पडेल. सगळेच पांढरे कपडे हळूहळू पिवळे पडत असतील तर दोष धुळीचा नसून विहिरीच्या पाण्यातल्या लोहाचा असू शकतो.

वाळत घालायचे ते सकाळी लवकर, आणि अकराच्या आत काढून आणा.

खोकला आणि शिंका या धुळीनेच येतात का? मास्क कुठला?

एक सोपी खूण: त्रास पावसाळ्यात वाढत असेल, म्हणजे तांबडी धूळ नसताना, तर संशय गादीतल्या धुळीच्या किड्यांवर आणि बुरशीवर घ्या. हे डोळ्यांना न दिसणारे किडे दमट हवेत वाढतात. चादरी, अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुवा, गाद्या उन्हात घाला. ॲलर्जी म्हणून अंगण सारवत बसाल तर काही उपयोग व्हायचा नाही.

त्रास फेब्रुवारी ते मे असेल तर मातीचा किंवा मोहराच्या दिवसांतल्या परागांचा आणि फवारणीचा विचार करा. जाड माती नाकात अडते. 10 मायक्रॉनहून बारीक कण आत जातात आणि 2.5 मायक्रॉनचे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. नाकाला बांधलेला रुमाल जाड मातीला पुरतो, बारीक कणांना नाही. खाणीत, कटरवर किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांनी एन-95 च वापरावा आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढीवर तो बसत नाही. चिऱ्यात लोह आणि ॲल्युमिनियम जास्त असलं तरी सिलिकाही असतं आणि वर्षानुवर्षं ते श्वासात गेलं तर फुप्फुसं कायमची खराब होतात. कापताना पाणी सोडणं हा मास्कपेक्षाही चांगला उपाय.

दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला धुळीवर ढकलू नका. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी फुकट होते, ती करा. धाप लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल तर वाट बघू नका. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं.

एअर प्युरिफायर घेऊ का? आणि कूलर?

हेपा फिल्टर काम चोख करतो, पण बंद खोलीत. कौलारू घरात तो लावणं म्हणजे सगळ्या सड्याची हवा गाळायला घेणं. सीलिंग असलेल्या झोपायच्या खोलीत, दम्याचं माणूस असेल तर घ्या. कूलर नको, आपल्या दमट हवेत तो गार करत नाही.

आम्ही मुंबईला असतो, घर मेमध्येच उघडतो. आत गेल्या गेल्या सगळे शिंकायला लागतात.

मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा. एकाने मास्क लावून आत जायचं, सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि अर्धा तास बाहेर यायचं. हे सकाळी करा, दुपारी उघडल्या तर आहे त्यात भर पडेल. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीच घातलेलं पाणी शिंपडून, हातमोजे घालून फडक्याने उचला. उंदराच्या मुताने लेप्टोचा धोका असतो. सफाई वरून खाली: जळमटं, पंखे, कपाटांची डोकी, शेवटी लादी.

अडगळीत हात घालण्याआधी काठीने हलवा आणि बूट घाला. लाल विंचू अशाच कोरड्या, बंद जागी बसतो. चावलाच तर घरगुती उपचार नकोत, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन कसं लागू पडतं ते दाखवून दिल्यापासून मृत्यू खूप घटले आहेत, पण औषध वेळेत पोचायला हवं.

मार्चमध्ये धुळीसोबत काळ्या काजळ्या येतात. त्या कुठून?

भाजावळीतून. भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) राब भाजतात, म्हणजे त्या जागेवर पालापाचोळा जाळतात, त्याची राख, नाहीतर सड्यावरचा वणवा. काजळी ओल्या फडक्याने पुसू नका, भिंतीवर काळा पट्टा उमटतो; फुंकून किंवा मऊ ब्रशने काढा. वणव्याचं दुखणं नंतरही राहतं, कारण गवत जळाल्यावर जमीन पावसापर्यंत उघडी पडते. दिवाळीनंतर घराभोवती वणवा अडवायचा जाळपट्टा साफ करताना गवत कापा, मुळं उपटू नका.

रस्त्याकडेच्या आंब्याच्या कलमांवर धुळीचा थर बसतो. पिकाला धोका आहे?

आहे. पानावर थर बसला की उजेड कमी पोचतो, आणि धुळकट पानांवर कोळी कीड वाढते कारण तिला खाणारे किडे तिथे टिकत नाहीत. मोहर नसताना साध्या पाण्याचा फवारा मारून पानं धुवा. मोहर फुलल्यावर जोराचा फवारा नको. 2011 मध्ये मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण सुरू झाल्यापासून कडेचे बागायतदार हे भोगत आलेत. रस्त्याकडची एक रांग करंजासारख्या झाडांची ठेवलेली बाग तुलनेने बरी राहते.

चिरेखाणीच्या डंपरांची तक्रार कुठे करायची?

चिरा हे गौण खनिज, परवाना महसूल खात्याचा. म्हणजे तलाठी आणि तहसीलदार. धुळीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. डंपरवर ताडपत्री आणि रस्त्यावर पाणी ही मागणी नेमकी लिहा; ‘धुळीचा त्रास होतो’ एवढ्याने काही हलत नाही. तारीख-वेळेसह फोटो जोडा आणि शक्य असेल तर ग्रामसभेचा ठराव. हवेसाठी देशाचं प्रमाण 24 तासांच्या सरासरीत पीएम 10 (10 मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी 100 आणि पीएम 2.5 (2.5 मायक्रॉनपर्यंतचे) साठी 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. मोजणीची मागणी करताना हे आकडे अर्जात घाला. खाणीवर गावातलीच मुलं कामाला असतात, तेव्हा आधी मालकाशी बोलून बघा. पुष्कळदा दुपारच्या खेपा सकाळी करण्यावर तडजोड होते.

सोलर पॅनल कधी धुवायचे?

पहाटे, गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. मिठाचं पुट असल्यामुळे नुसतं झटकून भागत नाही.

पहिल्या पावसाचं छपरावरचं पाणी टाकीत घ्यावं का?

मुळीच नाही. सात महिन्यांची माती, पक्ष्यांची शीट आणि काजळी त्यात असते. मेच्या शेवटी छप्पर झाडून पन्हळी साफ करा, टाकीकडे जाणारा पाइप सोडवून ठेवा आणि पहिल्या काही सरी वाहून जाऊ द्या. पन्हळीतून येणारं पाणी बादलीत धरून बघत राहा. तळाशी तांबडं बसायचं थांबलं की पाइप जोडा.